नातीचा ‘रिझ’ आणि सुनेचे ‘रिअलाइनमेंट’

पत्र

सप्रेम नमस्कार.

मी फोंडा तालुक्यात राहते. तेहेतीस वर्षे माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवून आठ वर्षांपूर्वी निवृत्त झाले. घरात मुलगा, सून आणि नववीत शिकणारी नात आहे. आम्ही आपसांत कोकणी बोलतो, वाचन आणि देवाधर्माचे सारे मराठीतून चालते, आणि इंग्रजी ही माझ्या पोटापाण्याची भाषा. म्हणूनच की काय, ती कुणी वेडीवाकडी वापरलेली मला सोसवत नाही. नातीच्या तोंडी सध्या ‘रिझ’, ‘डेलुलू’, ‘नो कॅप’, ‘स्किबिडी’ असले शब्द असतात. चतुर्थीला तिच्या मैत्रिणी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची आरास, बघायला आल्या होत्या. त्यांच्यासमोर ती असे काही बोलली आणि मी फटकन म्हणाले, “हे इंग्रजी नव्हे, ही घाण आहे.” तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरते बोलते. मी खोलीत गेले की कानात यंत्र घालते.

दुसरी गोष्ट. सून पणजीत एका खासगी कंपनीत आहे. मागच्या महिन्यात तिला कंपनीचे पत्र आले, की ‘राइटसाइझिंग’च्या प्रक्रियेत तिची भूमिका ‘रिअलाइन’ करण्यात येत असून पुढील पावलांविषयी संबंधित विभाग ‘सर्कल बॅक’ करील, म्हणजे पुन्हा संपर्क साधील. आम्ही तिघांनी ते पत्र तीनदा वाचले. नोकरी आहे की गेली, हे मला, इंग्रजीच्या शिक्षिकेला, सांगता येईना. इंग्रजी बिघडली आहे की मी जुनी झाले? नातीला सुधारत राहू की सोडून देऊ?

एक आजी, फोंडा

उत्तर

आदरणीय बाई,

आपल्या पत्रात दोन तक्रारी आहेत आणि आपण त्या एकाच पिशवीत भरल्या आहेत. माझे म्हणणे असे, की आधी त्या पिशवीतून बाहेर काढून वेगवेगळ्या ठेवाव्यात, कारण आपला सारा राग नातीच्या शब्दांवर खर्च झाला आणि ज्या शब्दांनी घराची झोप उडवली त्यांच्यापुढे मात्र आपण, इतक्या जाणत्या शिक्षिका, स्वतःलाच दोष देत बसलात. नातीविषयी मला अधिक लिहायचे आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू.

आपल्या आधी याच रागाने एक फार मोठा माणूस पेटला होता. ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’चा लेखक जोनाथन स्विफ्ट याने १७१० साली ‘टॅटलर’ या नियतकालिकात इंग्रजीच्या दुर्दशेवर लेख लिहिला. लोक शब्दांची शेपटे तोडतात, पहिला तुकडा तेवढा तोंडात ठेवतात आणि त्यालाच चतुराई समजतात, अशी त्याची तक्रार होती. त्याच्या रोषाच्या यादीत ‘मॉब’ हा शब्द होता, कारण तो चंचल जमाव अशा अर्थाच्या ‘मोबिले व्हल्गस’ या लॅटिन जोडशब्दाचे मुंडके तेवढे होते. ‘बँटर’ होता, ‘बँबूझल’ होता. हे शब्द थोपवण्यासाठी आपण वर्षानुवर्षे झटलो, पण विरुद्ध बाजूच्या संख्याबळापुढे हरलो, अशी कबुलीही त्याने त्याच लेखात दिली आहे. पुढे १७१२ साली त्याने भाषा कायमची स्थिर करण्यासाठी एक मंडळ नेमावे अशी सूचना इंग्लंडच्या प्रमुख मंत्र्यापुढे मांडली. ते मंडळ कधी झालेच नाही. आज ‘मॉब’ हा शब्द आपण शाळेत विनातक्रार शिकवला असेल, आणि मराठी वर्तमानपत्रेही तो मथळ्यात छापतात. शेपूट तुटलेल्या शब्दांविषयी बोलायचे तर आपल्या स्वयंपाकघरातला फ्रिज हा ‘रेफ्रिजरेटर’मधला मधला तुकडा आहे आणि पावसाळ्यात घरोघरी येणारा फ्लू हा ‘इन्फ्लुएन्झा’च्या पोटातून काढलेला आहे. नातीचा ‘रिझ’ नेमका याच कारखान्यातला आहे: ‘करिझ्मा’ या शब्दाचा मधला भाग उचलून बनवलेला. एखाद्याच्या अंगी समोरच्याला मोहवून घेण्याची जी हातोटी असते, ती म्हणजे रिझ. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०२३ साली त्याला वर्षाचा शब्द म्हणून निवडले. व्याकरणाच्या बाजूने पाहिले तर फ्रिजला चहाच्या दुधासकट घरात घेऊन रिझला उंबऱ्यावर अडवण्याचे कारण मला तरी सापडत नाही.

यावर आपण म्हणाल, की कोशात गेला म्हणून शब्द चांगला झाला का? नाही झाला. आपल्याकडे शब्दकोशाला न्यायालय समजण्याची सवय आहे, पण तो खरे तर गावच्या जन्ममृत्यू नोंदवहीसारखा आहे; जन्मलेले मूल गुणी आहे की द्वाड, हे ती वही सांगत नाही. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत मान्य केले, की भाषा स्थिर करण्याची आशा त्यालाही आरंभी होती आणि काम करता करता ती व्यर्थ असल्याचे कळले. केंब्रिजच्या कोशाने २०२५ साली ‘स्किबिडी’ आणि ‘डेलुलू’ हे दोन्ही शब्द दाखल करून घेतले. त्यांपैकी ‘डेलुलू’ला मी टिकाऊ मानतो: ‘डिल्यूजनल’चे ते लाडके रूप आहे, कोरियन गायकांच्या चाहत्यांच्या गप्पांतून ते पसरले आणि स्वतःच्या भ्रमाची स्वतःच थट्टा करण्यासाठी मुले ते वापरतात, म्हणजे त्यात थोडे शहाणपणही आहे. ‘स्किबिडी’चे मात्र कठीण दिसते. यूट्यूबवरच्या एका चित्रमालिकेतून आलेल्या या शब्दाला ठाम अर्थ नाही. तो कधी चांगला, कधी वाईट, कधी नुसताच आवाज. त्याहून पुढची पायरी म्हणजे ‘सिक्स सेव्हन’, जो एका अमेरिकन संकेतस्थळाच्या शब्दकोशाने २०२५ साली वर्षाचा शब्द ठरवला. त्याचा अर्थ विचारणारा माणूस त्यातच हरतो, कारण अर्थ नसणे हीच त्यातली गंमत आहे. आपण अजून शिकवत असता आणि “पुस्तकाचे सदुसष्टावे पान उघडा” असे इंग्रजीत म्हणाला असता, तर वर्ग का हसला हे आपल्याला कळले नसते. (माझ्या स्वतःच्या घरी विजेचे बिल वाचून दाखवताना मला हा अनुभव आला आहे, म्हणून खात्रीने लिहितो.)

असे शब्द मुलांना लागतात कशाला? आपल्या लहानपणी मुली प्रत्येक शब्दाला ‘च’ लावून बोलायच्या, ते आठवत असेल. ती भाषा आईला कळू नये म्हणूनच होती, आणि आईला ती कळू लागली की मुली दुसरी काढत. किशोरवयीन मुलांची ही बोली कुंपणासारखी असते: आतले कोण, बाहेरचे कोण, हे ठरवणे हे तिचे मुख्य काम, अर्थ पोचवणे हे दुय्यम. आपण मैत्रिणींसमोर जे बोललात, त्याने शब्द सुधारला नाही. कुंपणाच्या आतल्यांसमोर नातीची किंमत तेवढी उतरली. तिच्या अबोल्याचे कारण मला इंग्रजीत दिसत नाही, त्या प्रसंगात दिसते.

म्हणून पहिले काम म्हणजे दिलगिरी, आणि ती शब्दांबद्दल नव्हे तर प्रसंगाबद्दल असावी. “तुझे बोलणे मला पटले नाही, पण तुझ्या मैत्रिणींसमोर मी तसे बोलायला नको होते,” एवढे एक वाक्य, घरात बोलता त्याच कोकणीत, तिच्या खोलीच्या दारात उभे राहून म्हणावे आणि उत्तराची वाट न पाहता निघून यावे. त्याच्या जोडीला चुकूनही “मग तुझे रिझ कसे आहे?” असा प्रश्न विचारू नये. जो शब्द आजीच्या तोंडी आला तो मुलांच्या लेखी त्याच दिवशी मरतो, आणि आपल्या नातीला तो अजून हवा आहे. शब्द समजून घेणे वेगळे आणि वापरणे वेगळे. आपण पहिले करावे, दुसरे टाळावे.

सुधारण्याचा प्रश्न उरतो. उत्तरपत्रिकेत, अर्जात, शिक्षकांना लिहिलेल्या पत्रात हे शब्द आले तर आपण लाल पेन जरूर काढावे, आणि तेही एकांतात. नववीतल्या मुलीला कुठे काय बोलावे हे बहुधा आपल्याला वाटते त्यापेक्षा चांगले कळत असते. देवळात, शाळेत आणि मैत्रिणींच्या घोळक्यात ती तीन भाषा तीन तऱ्हांनी वापरतेच आहे.

एका ठिकाणी मात्र आपण तिला काही नवे शिकवू शकाल, आणि ते तिला तिच्या पडद्यावर मिळणार नाही. ‘नो कॅप’, म्हणजे थापा नव्हे, खरे सांगतो, हा प्रयोग अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाच्या बोलीतून आणि त्यांच्या रॅप संगीतातून आला आहे. ‘स्ले’, म्हणजे कमाल केलीस, हा शब्द आज ज्या कौतुकाने मुली वापरतात, तो वापर न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय आणि लॅटिन समलिंगी व तृतीयपंथी समुदायांच्या नृत्यसभांतून रुजला. ‘वोक’ हाही मुळात त्याच समाजाचा शब्द, अन्यायाविषयी जागे राहा असे सांगणारा. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात तो २०१७ साली या अर्थाने आला आणि आता बहुतेक वेळा शिवीसारखा वापरला जातो. ज्यांच्या इंग्रजीला शाळेत अशुद्ध म्हणून हिणवले गेले त्यांचेच शब्द जगभरची मुले छान दिसण्यासाठी अंगावर घालतात, आणि मूळ मालकांचे नाव मध्येच गळून पडते. हे नातीशी बोलावे. ‘घाण’ या शब्दाने ते दार बंद झाले होते. या माहितीने ते उघडेल असे मला वाटते.

आपण गोव्यात राहता, त्यामुळे या विषयात आपला अधिकार कुणाही लंडनवासीयापेक्षा कमी नाही. पगार, चावी, लिलाव, घमेले, बटाटा, तुरुंग हे शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आले, आणि उलट दिशेने आपले मुंगूस इंग्रजीत जाऊन ‘मोंगूस’ झाले. व्हिनेगर आणि लसूण घातलेला पोर्तुगीजांचा मांसाचा पदार्थ गोव्याच्या चुलीवर तिखट होऊन ‘विंदालू’ या नावाने इंग्रजांच्या ताटात गेला. आसगावात जन्मलेले धर्मगुरू सेबास्तियाँव रोदोल्फो दाल्गादो यांनी आयुष्य घालवून हेच टिपले; १८९३ साली त्यांचा कोकणी-पोर्तुगीज कोश आला आणि १९१३ साली पोर्तुगीज शब्द आशियातील भाषांत कसकसे शिरले यावरचा ग्रंथ. ‘सुसेगाद’चे उदाहरण तर आपल्या डोळ्यांदेखतचे आहे. पोर्तुगीजमध्ये शांत, निवांत असा अर्थ असलेला हा शब्द आता इंग्रजी जाहिरातींत पर्यटकांना विकला जातो, आणि पहाटे तीनला उठून पावाची भट्टी पेटवणाऱ्या पोदेरालाही त्या जाहिरातीत आळशी ठरवले जाते. मला विचाराल तर ‘स्किबिडी’पेक्षा मला या शब्दाचा अधिक त्रास होतो.

आता सुनेचे पत्र.

कामधंद्याची परिभाषा मुळात वाईट नसते. शिंप्याला, सुताराला, डॉक्टरला आपापले नेमके शब्द लागतातच. ‘बँडविड्थ’ हा रेडिओच्या अभियंत्यांचा शब्द होता. आता कचेरीतला माणूस “माझ्याकडे बँडविड्थ नाही” म्हणतो, म्हणजे त्याला वेळ नसतो. हे हास्यास्पद आहे, पण निरुपद्रवी आहे. ‘डेडलाइन’ हा शब्द अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात युद्धकैद्यांच्या तुरुंगांतून आला; आखून दिलेली ती रेषा ओलांडणाऱ्या कैद्याला गोळी घालीत. आज तिच्यावाचून एकही कचेरी चालत नाही आणि कुणी मरतही नाही. असे शब्द झिजून गुळगुळीत होतात आणि कामाला लागतात.

‘राइटसाइझिंग’ची जात वेगळी आहे. माणसे कमी करण्यासाठी आधी ‘डाउनसाइझिंग’ हा शब्द होता. त्यातले ‘डाउन’ फार स्पष्ट बोलत होते, म्हणून त्याच्या जागी ‘राइट’ बसवले, म्हणजे ज्यांची नोकरी जाते ते आधीच चुकीचे होते असा अर्थ गुपचूप आत सरकला. ‘रिअलाइन’ तर आणखी बेरकी आहे, कारण चाके सरळ करणे, रांग नीट लावणे अशी त्याची निष्पाप घरगुती चित्रे आहेत. नातीची बोली आपल्याला कळू नये म्हणून आहे, आणि ती आपल्याला उद्देशून नाहीच. सुनेला आलेले पत्र मात्र तिच्याच नावाने आले होते आणि तिलाच कळू नये अशा बेताने लिहिले होते. जुन्या बाजारपेठांत दलाल नंदभाषेत, म्हणजे व्यापाऱ्यांच्या सांकेतिक बोलीत, आकडे बोलत आणि रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवत, तेव्हा शेजारी उभ्या गिऱ्हाइकाला निदान एवढे तरी कळत असे, की आपल्यापासून काही लपवले जात आहे. इथे लपवाछपवी शिष्टाचाराच्या वेषात येते आणि न समजल्याची लाज वाचणाऱ्याच्या पदरात पडते. तिघांनी तीनदा वाचूनही अर्थ लागला नाही, तेव्हा आपल्याला स्वतःचे इंग्रजी कमी वाटले. ते कमी नाही. त्या वाक्यात अर्थ ठेवलेलाच नव्हता.

हा रोग इंग्रजीपुरता आहे असेही कुणी समजू नये. आपल्या भागातल्या जुन्या खरेदीखतांतले मात्रिझ आणि देस्क्रिसांव हे जमीन-नोंदीचे पोर्तुगीज शब्द, कोमुनिदादीचे, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनींच्या संस्थेचे, कागद, किंवा ‘विषयांकित प्रकरणी उपरोक्त संदर्भान्वये’ असे सुरू होणारे मराठी सरकारी पत्र हाती घेऊन किती माणसे वकिलाच्या पायऱ्या चढली असतील! इंग्रजांना तरी या त्रासाची जाणीव होऊन १९७९ साली ब्रिटनमध्ये सोप्या इंग्रजीसाठी चळवळ सुरू झाली, आणि अमेरिकेने २०१० साली सरकारी खात्यांनी लोकांना समजेल असे लिहावे असा कायदाच केला. खासगी कंपनीला मात्र तो लागू नाही, आणि इथे तर तसा कायदाही नाही, तेव्हा उपाय आपल्यालाच करावा लागेल.

उपाय असा. सुनेने कंपनीला लेखी उत्तर पाठवावे आणि त्यात त्यांचा एकही शब्द वापरू नये. माझी सध्याची नोकरी चालू राहणार आहे का. राहणार असल्यास कोणत्या पदावर आणि किती पगारावर. नसल्यास शेवटचा दिवस कोणता, आणि सूचनेच्या काळाचा पगार, रजेचे पैसे व ग्रॅच्युइटी यांचे काय. याचे उत्तर अमुक तारखेपर्यंत लेखी मिळावे. इतके चार ओळींचे, विनम्र आणि कोरडे पत्र. दूरध्वनीवर कुणी ‘सर्कल बॅक’ केलेच, तर बोलणे ऐकून घ्यावे आणि त्याच संध्याकाळी “आज आपले असे बोलणे झाले, मला समजले ते असे” एवढे ईमेलने कळवावे. उत्तर येण्यापूर्वी कुठल्याही कागदावर सही करू नये, आणि राजीनामा तुम्हीच द्या अशी सूचना आली तर ताबडतोब कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला भेटावे. या पत्राचा इंग्रजी मसुदा आपण करावा अशी माझी विनंती आहे. तेहेतीस वर्षे आपण मुलांना ‘कुणी केले, काय केले, कुणाला केले’ असे प्रश्न विचारून कर्ता शोधायला शिकवले असणार. ‘भूमिका रिअलाइन करण्यात येत आहे’ या वाक्यातला पळालेला कर्ता शोधून काढायला आपल्याहून योग्य माणूस त्या घरात नाही. आपले लाल पेन अशा कामासाठी राखून ठेवावे.

नातीकडे परत येऊन एक सुचवतो, आणि हे दिलगिरीनंतर दोन आठवडे गेल्यावर करावे, त्याआधी नाही. ऑक्सफर्डचा मोठा कोश तयार होत असताना संपादक जेम्स मरे यांनी १८७९ साली जाहीर आवाहन केले, आणि सामान्य वाचकांनी जे जे वाचले त्यातले शब्द, वाक्य आणि तारीख चिठ्ठ्यांवर उतरवून लाखोंच्या संख्येने पाठवले. १८८४ साली पहिला भाग निघाला, काम पुरे व्हायला १९२८ उजाडले, मरे त्याआधीच वारले. मुलांचे शब्द या पद्धतीने टिपले की त्यांच्या वयाविषयी भलतेच शोध लागतात. ‘ओएमजी’, म्हणजे ‘ओ माय गॉड’, हे मोबाइलवरच्या पोरांचे खूळ असा समज असताना त्याचा जुना दाखला निघाला तो १९१७ सालच्या एका पत्रात, जे ब्रिटिश आरमाराचे वृद्ध ॲडमिरल फिशर यांनी चर्चिल यांना लिहिले होते. ‘ब्रेन रॉट’, म्हणजे मेंदू सडणे, हा ऑक्सफर्डने २०२४ साली निवडलेला वर्षाचा शब्द तर अमेरिकन लेखक थोरो याच्या १८५४ सालच्या लेखनात आहे.

नातीला तशाच चिठ्ठ्या करायला सांगा: एका चिठ्ठीवर एक शब्द, तो तिने पहिल्यांदा कुठे ऐकला, कुणाच्या तोंडून, आणि ज्या वाक्यात ऐकला ते वाक्य. अर्थ तिने लिहावा, आपण त्यात फेरफार करू नये, आणि एखादी चिठ्ठी दाखवायची नसेल तर मागू नये. तिचे शब्द वर्षभरात शिळे होतील, तेव्हा तारखा उपयोगी पडतील. बदल्यात आपल्या चिठ्ठ्या आपण कराव्यात. पहिली ‘पात्रांव’ या शब्दाची करता येईल: आपल्या आजोबांच्या तोंडी तो मालकासाठी, मान खाली घालून उच्चारायचा शब्द असेल, आणि नातीच्या वर्गातली मुले आज एकमेकांच्या पाठीवर थाप मारून तोच शब्द वापरतात. तो वापर कसा होतो, हे तिला विचारूनच लिहावे लागेल.